नागपूरच्या उन्हाळ्यात प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावणं म्हणजे पैसे उडवणं

तर्री_एक्स्ट्रा

आधीच सांगतो, हा धागा खिडकीतल्या कूलरचा नाही. मागच्या वेळी "कोणता कूलर घेऊ" एवढंच विचारलं होतं, तर चार जणांनी वाळ्याच्या ताट्या कुठे स्वस्त मिळतात ते सांगितलं. बात कम्प्युटरच्या पोटातल्या कूलरची आहे.

मामेभावाला व्हिडिओ एडिटिंगसाठी नवीन मशीन जुळवायची आहे. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय७ १४७००के ठरलाय, त्यासोबत डब्यात कूलर येत नाही. बर्डीवर दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे एकच पाढा: "साहेब, आपलं नागपूर आहे, इथं एअर कूलर चालत नाही, ३६० चा एआयओच घ्या." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एआयओ म्हणजे बंद पाण्याचा कूलर. प्रोसेसरवर पंप बसतो, दोन नळ्या निघतात आणि कॅबिनेटच्या छताला तीन पंख्यांचा, ३६० मिमीचा रेडिएटर लागतो.

माझं म्हणणं, हा हिशोबच उलटा आहे. पाण्याचा असो की हवेचा, दोन्ही कूलर उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच टाकतात. नळीतलं पाणी काही माठातलं नाही. खोली ४० अंशांवर असेल तर रेडिएटरलाही ४० चीच हवा मिळते. म्हणून कूलर जोखायचा तो एकाच आकड्यावर: प्रोसेसर खोलीच्या किती अंश वर राहतो?

माझ्याकडे एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर आहे, त्यावर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा एअर कूलर. पत्र्यांचे दोन टॉवर, उष्णता त्यांच्यात नेणाऱ्या सहा बंद नळ्या म्हणजे हीटपाइप, १२० मिमीचे दोन पंखे. डिसेंबरात खोली २१ वर होती तेव्हा रेंडर करताना प्रोसेसर ६३. मे महिन्यात खिडकीतला कूलर मुद्दाम बंद ठेवला, खोली ३६ झाली, प्रोसेसर ७८. दोन्ही वेळा फरक ४२ चाच. ऊन वाढलं म्हणून कूलर काही नालायक झाला नाही. मग एआयओसाठी दुप्पट-तिप्पट पैसे काहून मोजायचे?

झणझणीत_सावजी

काय बे, ८८ वॅटच्या प्रोसेसरवर मोजमाप करून २५३ वॅटच्या प्रोसेसरचा निकाल देऊन राहिला? तुझा ७७०० फार तर ८८ वॅट ओढतो. १४७००के ला मोकळा सोडला तर तो २५३ पर्यंत जातो आणि त्याची मर्यादा १०० अंश. वीस-बावीसच्या खोलीतसुद्धा भलेभले दुहेरी टॉवर तिथे १०० ला टेकायला लागतात. तुझ्याच गणितानं चाल: बावीसच्या खोलीत ९८ असेल, तर मे अखेरच्या नवतपात छत्तीसच्या खोलीत ११२ व्हायला पाहिजे. होणार नाही, कारण प्रोसेसर स्वतःच वेग पाडेल. म्हणजे पैसे आय७ चे दिले आणि काम आय५ चं मिळालं.

दुसरं, तू खोलीची हवा म्हणतोस, पण एअर कूलर खोलीची हवा खातच नाही. तो कॅबिनेटच्या आतली हवा खातो. खाली ३०० वॅटचं ग्राफिक कार्ड भट्टीसारखं पेटलेलं असतं, त्याचा सगळा उबारा वर येऊन याच्या तोंडात. रेडिएटर पुढच्या बाजूला लावला तर बाहेरची ताजी हवा पहिली त्याला मिळते.

आणि हो, इथे २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ नोंदवलं गेलंय. पुण्यात बसून लिहिलेले रिव्ह्यू वाचून नागपुरात मशीन बांधू नये.

बाप्पा_रे

४७.९ काय घेऊन बसलात, मे २०२४ मध्ये तर ५६ दाखवलं होतं 😄

तर्री_एक्स्ट्रा

@बाप्पा_रे, ते सेन्सर बिघडलं होतं म्हणून हवामान खात्यानंच सांगितलं. तसाही सावलीतला आकडा आणि घरातल्या खोलीतला आकडा वेगळा असतो. कम्प्युटर गच्चीवर ठेवून कोण रेंडर करतो?

@झणझणीत_सावजी, ८८ वॅटचा मुद्दा मान्य. मी तो घाईत सोडून दिला. ग्राफिक कार्डाचा पण अर्धा मान्य. पण दुकानदार रेडिएटर लावतो कुठे? छतावर. छतावरच्या रेडिएटरमधून तीच भट्टीतली हवा बाहेर जाते. पुढे लावला तर गरम झालेली हवा ग्राफिक कार्डाच्या अंगावर येते. कुठूनतरी मोजावंच लागतं.

झणझणीत_सावजी

मोजावं लागतंच. पण पाण्याला तापायला वेळ लागतो हे विसरू नको. दोन-तीन मिनिटांचं काम असेल तर पाणी गरम होईपर्यंत काम संपून जातं. आणि पाणी एवढं बेकार असतं तर कोराडीच्या वीज केंद्रात एवढाले कूलिंग टॉवर कशाला बांधले असते? तिथे पण एअर कूलर लावून दिला असता.

वाळ्याची_ताटी

नाही हो सावजी, कोराडीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. कूलिंग टॉवरमध्ये पाणी उघडं असतं, त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. म्हणून ते बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकतं. आपल्या खिडकीतल्या कूलरचं तेच, माठाचं तेच. तुमच्या एआयओतलं पाणी नळीत कोंडलेलं, त्याची वाफ उडतच नाही. ते नुसतं हमाल आहे, इथली उष्णता उचलून तिथे नेणारं. आणि हमालच बघायचा तर हीटपाइपमध्ये पण पाणीच असतं, थोडंसं, कमी दाबात कोंडलेलं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, टॉवरच्या पातळ पत्र्यांकडे, म्हणजे फिनांकडे, जाऊन परत पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत खाली येतं. पंप नाही, वीज नाही.

मी घरांचे थ्रीडी करते, एकेक रेंडर चाळीस मिनिटांचा. पहिल्या दहा मिनिटांतच पाणी तापून जातं, मग त्या "वेळ लागतो" चा काही फायदा उरत नाही. मामेभाऊ पण एक्स्पोर्ट लावून जेवायलाच जाणार ना?

माझं मत थोडं वेगळं आहे. एप्रिल-मे मध्ये सगळ्यात चांगला सीपीयू कूलर म्हणजे खिडकीतला कूलर. कोरडी हवा असते, बाहेर ४४ असताना माझी खोली ३० च्या आसपास येते. बारा-चौदा अंश असे फुकट मिळतात. ते कोणताही एआयओ देणार नाही. मृगाचा पाऊस पडला की हा खेळ संपतो, नुसती चिकचिक होते, पण तोवर बाहेरचा पारा पण उतरलेला असतो.

संत्रा_मोसंबी

ताई, पण कूलरच्या ओल्या हवेनं मदरबोर्डवर पाणी नाही का धरत? माझे बाबा कूलर लावला की कम्प्युटर बंद करायला लावतात.

वाळ्याची_ताटी

नाही धरत. दव पडतं ते हवेपेक्षा गार असलेल्या वस्तूवर. चालू कम्प्युटरमधली प्रत्येक वस्तू खोलीपेक्षा गरमच असते. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, शिंतोडे येतात. बाबांना सांगा, पण कूलरचं पाणी भरायचं काम तुम्ही करत असाल तरच ऐकतील.

उंटखाना_रिपेर

मी मशिनी दुरुस्त करतो, म्हणून मले जे दिसते ते सांगतो. तुम्ही लोक वॅट-वॅट करून राहिले, इकडे मशिनी मरतात कचऱ्यानं.

मागच्या जूनमध्ये एक पोरगा मशीन घेऊन आला, "भाऊ, गेम लावला की बंद पडते." कूलर चांगला होता, दोन टॉवरवाला. पुढचा पंखा काढला तर फिनायच्या तोंडावर गोधडीचं अस्तर ठेवल्यासारखा जाडा थर. बोटानं सोलला, एकसंध निघाला. त्यात काय होतं? धूळ, मांजराचे केस, अन् खिडकीतल्या कूलरच्या गवताच्या काड्या. कोरडी धूळ ब्लोअरनं उडते. कूलरची दमट हवा लागली की तीच धूळ चिकटून बसते. साफ केलं, प्रोसेसर अन् कूलरच्या मधली पेस्ट नवीन लावली, २० अंश उतरले. वरून कळलं की टॉवरच्या मधला पंखा उलटा लावला होता. एक पंखा हवा आत ढकलून राहिला अन् दुसरा तिकडून परत. दोघायची समोरासमोर कुस्ती.

आता एआयओचं. एकाची मशीन चालू होऊन मिनिटभरात बंद. पाह्यलं तर रेडिएटर गारेगार अन् पंपाच्या टोपणाले हात लावू देत नाही. पंप गेलेला. चार वर्षं झाली होती, वॉरंटी होती, पण बदलून यायला तीन आठवडे लागले, ते पण मे महिन्यात. एअर कूलरचा पंखा मेला तर बाजारातून कोणताही १२० चा पंखा आणून तारेच्या क्लिपा लावा, संध्याकाळी मशीन सुरू. एआयओत मरायच्या जागा जास्त: पंप, सांधे, अन् नळीतून वर्षानुवर्षं हळूहळू कमी होणारं पाणी.

एअर कूलरची पण एक खोडी सांगतो. नोक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यासकट १ किलो ३२० ग्राम भरतो, अन् तेवढं वजन उभ्या मदरबोर्डले आडवं लटकते. घरात बसून राहिलं तर काही होत नाही. पण एक जण पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत मशीन टाकून घेऊन आला. इथं उघडलं तं कूलर एका बाजूनं सुटून ग्राफिक कार्डावर रेललेला. मशीन गावाले न्यायची असेल तं कूलर काढून न्या.

झिरो_माईल

दोन्ही पार्ट्या एक गोष्ट गृहीत धरून भांडत आहेत, की १४७००के ला २५३ वॅट दिलेच पाहिजेत. कोणी सांगितलं? बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन मर्यादा १८० वॅट करा.

माझ्याकडे हाच प्रोसेसर आहे, डीपकूलच्या एके६२० खाली. २५३ वर २१ मिनिटं लागणारा एक्स्पोर्ट १८० वर पावणेतेवीस मिनिटांत होतो. पावणेदोन मिनिटांसाठी ७३ वॅट! वरच्या वॅटांना वेग थोडा आणि ताप फार. १८० वर मे महिन्यात, ३४ च्या खोलीत, ८६ च्या वर गेला नाही. डिसेंबरात मर्यादा परत वाढवता येते.

आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत मोकळं सोडण्याची हौस आधीच महागात पडलीये. वाढलेल्या व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होत होते, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आला, इंटेलनं वॉरंटी दोन वर्षं वाढवली. म्हणून मशीन जुळवली की आधी बायोस अपडेट, मग कूलरची चर्चा.

झणझणीत_सावजी

म्हणजे गाडी घ्यायची आणि चौथ्या गिअरच्या वर टाकायचीच नाही. मग आय५ घ्या ना, पैसे वाचतील. मला पूर्ण वॅट पाहिजेत, मी पूर्ण पैसे दिलेत. माझा ३६० तीन वर्षं झाली, एकदाही रडला नाही. दर दोन महिन्यांनी रेडिएटर झाडतो एवढंच.

झिरो_माईल

वर्धा रोडवर पाचवा गिअर टाका, बर्डीच्या गर्दीत कशाला? 😄 तुम्ही झाडता म्हणून टिकलाय, हे मात्र खरं.

तर्री_एक्स्ट्रा

बरं, मी माझं वाक्य सुधारतो. पूर्ण २५३ वॅट तासनतास पाहिजेत, खोलीत एसी आहे आणि चार-पाच वर्षांनी कूलर बदलायची तयारी आहे, तर एआयओ घ्या. त्या तिन्हींतलं मामेभावाकडे काहीच नाही. मानेवाड्यात वरच्या मजल्यावर खोली, वर स्लॅब तापलेला, खिडकीत कूलर.

आता एअरमध्ये कोणता? एनएच-डी१५ वर मन आहे, पण किंमत बघून बसत नाही.

वाळ्याची_ताटी

त्याच्या किमतीतला मोठा भाग शांततेचा आहे, पंखे खरंच गोड चालतात. पण उन्हाळ्यात खिडकीतला कूलर विमानासारखा गरगरत असताना प्रोसेसरचा पंखा ऐकू कोणाला येतो? हिवाळ्यात येतो, पण तेव्हा पंखा हळूच फिरतो. वाचलेले पैसे जाळीच्या तोंडाच्या कॅबिनेटवर घाला. समोर काच असलेलं दिसायला छान असतं, पण हवा आत येणार कुठून? आणि पुढे धुता येणारी जाळी असू द्या.

उंटखाना_रिपेर

अन् उंची मोजा बापा. डी१५ ची १६५ मिमी, एके६२० ची १६०, पीअरलेस असॅसिन एसई ची १५५. उंच लाईटवाली रॅम असेल तं डी१५ चा पुढचा पंखा वर सरकवावा लागते, मग उंची अजून वाढते. अन् कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा. हसू नका, वर्षाले चार तरी येतात फिल्मसकट बसवलेले.

तर्री_एक्स्ट्रा

अपडेट. कॅबिनेटच्या डब्यावर कूलरची मर्यादा १६० लिहिली आहे. एके६२० बरोब्बर १६० चा. दुकानात लावून पाहिला, काच लागली, पण पाइपांची टोकं काचेला टेकत होती. मी बोट घालायला गेलो तर कागद जाईल एवढीपण फट नव्हती. शेवटी १५५ चा घेतला. बायोस अपडेट केलं, मर्यादा १८० वर. फिल्म मी स्वतः काढली, मामेभावाला फोटो काढून ठेवायला सांगितला. काल खोली २८ असताना अर्धा तास एक्स्पोर्ट, ८१ वर थांबला.

दुकानदार अजूनही म्हणतो, मे मध्ये परत याल.

झणझणीत_सावजी

मी पण तेच म्हणतो. २६ मे ला दुपारी दोन वाजता याच धाग्यावर फोटो टाक.

तर्री_एक्स्ट्रा

टाकतो. भिंतीवरचं तापमापक पण फोटोत ठेवीन, नाहीतर तू मानणार नाहीस.