जंगली चिंपांझी-गोरिलांना माणसाची सवय लावणं आता थांबवायला नको का?

रानपाखरू:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, लिहूनच टाकते. चिंपांझी नाहीतर गोरिलांवर रानात जे संशोधन होतं त्याची पहिली पायरी म्हणजे त्यांना माणसाची सवय लावायची, हॅबिच्युएशन म्हणतात. रोज उठून टोळीच्या मागे जायचं, ते पळाले की दुसऱ्या दिवशी परत जायचं, असं वर्षानुवर्षं, शेवटी ते कंटाळून माणसाकडे बघेनासे होतात मग वही उघडायची. माझं म्हणणं, ज्या टोळ्यांना सवय झालीये त्या राहू देत, पण नवीन टोळी नको.

कारण सर्दी. हसू नका. युगांडात किबालेच्या जंगलात कान्यावारा नावाची चिंपांझींची टोळी आहे, तिथे २०१३ मध्ये ५६ पैकी ५ मेले, आणि व्हायरस कुठला तर रायनोव्हायरस सी, ज्याने आपल्या पोरांची नाकं वाहतात तो. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातही १९९९ पासून खोकल्याच्या साथी आल्या, मेलेल्यांच्या फुफ्फुसात माणसांचेच व्हायरस सापडले. चिंपांझी आईला दोन पिल्लांमध्ये साधारण पाच वर्षं लागतात हो. पाच गेले तर भरून कधी निघणार?

खडूस:
सर्दीचा हिशोब दिलात, चोरट्या शिकाऱ्यांच्या तारेच्या फाशांचा आणि बंदुकीचा कोण देणार?

रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगाच्या डोंगरात १९८१ ला जेमतेम अडीचशे माउंटन गोरिला उरले होते. आता तिथे ६००च्या वर आहेत आणि शेजारच्या, युगांडातल्या ब्विंडी जंगलातले धरले तर हजार पार. २०११ चा विरुंगाचाच अभ्यास आहे, सवय झालेले गट वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास वाढत होते आणि सवय न झालेले गट किंचित घटत होते. डोंगर तोच, रान तेच, मग फरक कशाचा? रोज सकाळी ट्रॅकर आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून माग काढत जातो, वाटेत फासे दिसले की तोडतो, एखाद्याच्या हातात तार रुतलेली दिसली तर डॉक्टरला बोलावतो, मग लांबून भुलीचं इंजेक्शन मारून तार कापून काढतात. हे ज्या गोरिलाच्या जवळच जाता येत नाही त्याला कसं करणार तुम्ही? चोरट्या शिकाऱ्याला साक्षीदार नको असतो, एवढं साधं आहे ते.

वाटसरू_७:
खडूस +१. ताईच्या जंगलातसुद्धा रिसर्च कॅम्पच्या आसपास माकडं आणि चिंपांझी जास्त आणि जसजसं लांब जावं तसतसं रान मुकं, असाच निष्कर्ष होता.

रानपाखरू:
खडूस, माउंटन गोरिला हा अपवाद आहे आणि तुम्ही त्याचा नियम करताय. रवांडात गोरिला बघायचं एका तासाचं परमिट १५०० डॉलर, एका गटाला दिवसात आठच पर्यटक. त्या पैशावर ट्रॅकर, डॉक्टर, गस्त सगळं चालतं. हे मॉडेल काँगोच्या दलदलीत नेऊन दाखवा, जिथे जायला रस्ता नाही आणि गोरिला दिसायच्या आधी कमरेएवढ्या चिखलातून जावं लागतं. कोण देणार १५०० डॉलर?

आणि पर्यटकांच्या पैशावर उभं केलेलं संरक्षण पर्यटक थांबले की काय होतं ते २०२० ला दिसलंच की. ब्विंडीतला राफिकी, सवय झालेल्या गटाचा सिल्व्हरबॅक म्हणजे म्होरक्या नर, लॉकडाऊनमध्ये भाल्याने मारला गेला.

कोपरा:
राफिकीचं उदाहरण उलटं पडतंय तुमच्यावर. तो दिसत नाही हे लगेच कळलं कारण रोज हजेरी घेणारी माणसं होती, दुसऱ्या दिवशी मृतदेह मिळाला, चार दिवसांत संशयित पकडला आणि ११ वर्षं शिक्षा झाली. सवय नसलेल्या गटातला मेला असता तर पुढच्या गणतीत एक आकडा कमी, बास.

धोंडोपंत:
मला तर हे सगळं संशोधनच संशयास्पद वाटतं. टांझानियातल्या गोंबेत चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल बाईंनी त्यांना केळी दिली, केळ्यांवरून मारामाऱ्या सुरू झाल्या, १९७४ ते ७८ चिंपांझींनी एकमेकांना ठार मारलं आणि आपण म्हणतो बघा निसर्ग किती क्रूर आहे. माणसानेच बिघडवलं आणि माणसानेच लिहून घेतलं.

खडूस:
पंत, हे जुनं आहे. २०१४ मध्ये १८ चिंपांझी टोळ्यांचा एकत्र हिशोब मांडला गेला, जिथे केळी कधी दिलीच नाहीत त्याही त्यात होत्या. खून कुठे जास्त हे माणसाच्या ढवळाढवळीवरून ठरत नव्हतं, टोळीत नर किती आणि वस्ती किती दाट यावरून ठरत होतं. केळी देणं चूकच होतं, आज कोणी देत नाही, पण त्यावरून साठ वर्षांच्या वह्या कचऱ्यात टाकायच्या का?

झाडबुंधा:
मुद्दा भरकटतोय. मी रानपाखरूच्या बाजूने पण कारण वेगळं. पश्चिम मध्य आफ्रिकेत साडेतीन लाखांहून जास्त गोरिला आहेत असा २०१८ चा अंदाज आहे आणि त्यातले ८० टक्के संरक्षित जंगलाच्या बाहेर, बरेचसे लाकूडतोडीच्या कंपन्यांकडे असलेल्या रानात. तिथे किती टोळ्यांना सवय लावणार? तिथे खरा फरक पडतो तो शिकारी आत येऊ नयेत म्हणून काम संपलं की रस्ते बंद करण्याने, फाटकावर गाड्या तपासण्याने, कामगारांनी शिकार करू नये म्हणून त्यांना दुसरं मांस पुरवण्याने. गॅबन आणि काँगोत १४ कंपन्यांच्या रानात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप सुरू होणारे कॅमेरे, लावून पाहिलं, जिथे एफएससी प्रमाणपत्राचे (जंगल सांभाळून लाकूड तोडणाऱ्यांना मिळतं ते) हे नियम पाळतात तिथे मोठे प्राणी स्पष्ट जास्त. एकाही गोरिलाच्या मागे कोणाला धावावं लागलं नाही. रात्रीची घरटी मोजा, विष्ठेतून डीएनए काढा, झाडाला कॅमेरा बांधा. पश्चिम आफ्रिकेतले चिंपांझी ठरावीक झाडांवर दगड फेकतात आणि बुंध्याशी ढीग जमतो, हेसुद्धा मुख्यतः कॅमेऱ्यानेच पकडलं.

सावली:
दगड फेकतात हे कळलं. का फेकतात ते कळलं का? 😀

कॅमेऱ्यात छोटीशी क्लिप येते, प्राणी फ्रेमच्या बाहेर गेला की संपलं. ताईच्या जंगलात चिंपांझी कवचाची फळं दगडाने फोडतात ते घ्या. आई मुळाच्या खळग्यात फळ ठेवते, हातोडा उचलते, पिल्लू समोर बसून तोंडाजवळ तोंड नेतं आणि गर मागतं. मग आई उठते आणि हातोडा तिथेच ठेवून जाते. पिल्लू तो उचलतं, उलटा धरतं, फळ उडून जातं, परत आणतं. हे काही वर्षं चालतं तेव्हा कुठे नीट फोडायला जमतं. ही आई कोण, तिची आई कोण, ही टोळी असा हातोडा का निवडते आणि शेजारची तसा का नाही, हे माणसाने रोज मागे जाऊनच कळलंय. आणि ही पद्धत एका टोळीची असते, टोळी संपली की पद्धत संपली, घरटी मोजून ते कळणार नाही.

रानपाखरू:
सावली, हे वाचायला छान आहे, पण आपल्याला कळावं म्हणून त्यांनी खोकावं का?

सावली:
त्यांनी खोकू नये म्हणून नियम आहेत ना. ताईत बाहेरून आलेला माणूस आधी काही दिवस क्वारंटाईन, मग जंगलात मास्क, बूट निर्जंतुक, ठरावीक अंतर, शिंक आली तरी कॅम्पात परत. हे पाळणाऱ्या संशोधकाला आणि आठ तासांच्या विमानातून उतरून तिसऱ्या दिवशी गोरिलासमोर उभ्या राहणाऱ्या पर्यटकाला तुम्ही एकाच पोत्यात भरताय.

वाटसरू_७:
पर्यटकाचं म्हणाल तर १५०० डॉलर भरलेला माणूस घसा दुखतोय हे सांगणारच नाही. गोळी घेऊन जाईल. गेटवर आजारी म्हणून सांगितलं तर पूर्ण पैसे परत मिळतील असं असेल तरच खरं बोलेल तो.

कोपरा:
आणि अंतराचं? गोरिलांबरोबरचे लोकांचे फोटो बघा, दहा मीटर लांब राहायचा नियम आहे आणि मागचा सिल्व्हरबॅक खांद्याला लागेल इतका जवळ. गाईड तरी काय बोलणार, टीप त्याच माणसाकडून मिळायची असते.

रानपाखरू:
तेच तर म्हणतेय मी. माझी अट लिहून ठेवा हवी तर: नवीन टोळीला सवय लावायची असेल तर आधी पुढच्या वीस वर्षांच्या गस्तीचा पैसा बँकेत दाखवा. प्राण्याची माणसाची भीती काढून घ्यायची आणि पाच वर्षांनी ग्रँट संपली की निघून जायचं, मग शिकारी आला तरी तो जागचा हलत नाही. हे मला चालत नाही.

खडूस:
अट मान्य. आता मला एक देणगीदार दाखवा जो वीस वर्षांचा चेक आधी फाडतो. पाच वर्षांच्या वर कोणी सही करत नाही, आणि तुमच्या अटीने नवीन कॅम्प झालाच नाही तर त्या रानात फासे लावणाऱ्याला मात्र कोणाची ग्रँट लागत नाही.