दिवाळीआधी पोस्टकार्ड, प्रिंट, स्टिकर काढायचेत: छपाई, भाव आणि प्रकाशकाचा करार

रंकाळ्याची_रेघ

कोल्हापुरात राहून स्वतंत्र चित्रकाम करते. मुख्य काम मुलांच्या पुस्तकांची चित्रं आणि मुखपृष्ठं, बहुतेक पुण्याच्या प्रकाशकांसाठी. आता स्वतःच्या चित्रांच्या वस्तूही काढायच्या आहेत. विषय खासबाग मैदान, भवानी मंडप, जोतिबाची यात्रा, साज, चप्पल असे. सहा पोस्टकार्डं, चार ए४ प्रिंट, स्टिकर आणि जमलंच तर भिंतीवरचं कॅलेंडर. हाताशी ३० हजार रुपये आहेत. नवरात्रात महाद्वार रोडच्या एक-दोन दुकानांत माल ठेवायचा आणि दिवाळीआधी दोन दिवसांचा स्टॉल लावायचा, असा बेत आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ए६ पोस्टकार्ड, ३०० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम), वरून मॅट लॅमिनेशन, ऑफसेटवर डिझाइनमागे १००० घेतली तर नग फार स्वस्त पडतो असं प्रेसवाले सांगतात. घ्यावीत का? दुसरं, दुकानदार ४० टक्के मागतात, ते रास्त आहे का? आणि तिसरं, एका प्रकाशकाच्या मसुद्यात ‘चित्रांचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील’ एवढी एकच ओळ आहे, तिथे काय बदलून मागावं? चित्रं टॅबवर केलेली, आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) आहेत.

खिळा_जुळारी

छपाईपुरतं सांगतो.

हजाराचं ऑफसेट आत्ता नको. तिथे खरा खर्च प्लेटा आणि मशीन लावण्याचा असतो, म्हणून हजारावर वाटला की नग स्वस्त दिसतो. पण सहा डिझाइनं म्हणजे सहा हजार कार्डं घरात, आणि त्यातली कुठली दोन चालणार हे अजून कुणालाच माहीत नाही. पहिली खेप डिजिटलवर (प्लेटांशिवाय, थेट फाइलवरून) काढा, डिझाइनमागे ९० च्या आसपास. जे संपेल तेवढंच पुढच्या वर्षी ऑफसेटला.

डिजिटलला पैसे शीटचे लागतात, त्यामुळे कार्डाचं माप शीटवरून ठरवा. मोठी शीट १३ बाय १९ इंच, म्हणजे साधारण ३३० बाय ४८३ मिमी. ए६ म्हणजे १०५ बाय १४८. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं की १११ बाय १५४. तीन शेजारी शेजारी लावली की ३३३ होतात, शीटच्या बाहेर. फिरवून लावली तर ८ बसतात. तेच कार्ड ९५ बाय १४० केलंत तर ब्लीडसकट १०१ बाय १४६ होतं, तीन गुणिले तीन ९ बसतात आणि ग्रिपरलाही (मशीन शीट पकडतं ती कड) जागा राहते. प्रेसकडे १२ बाय १८ चीच शीट असेल तर सगळी एकाच दिशेनं लावून ए६ ब्लीडसकट चारच निघतात, म्हणजे नगाचा भाव जवळपास दुप्पट. भाव विचारण्याआधी ‘शीट कुठली चालते’ हे विचारा.

मॅट लॅमिनेशन एकाच बाजूला करणार असाल तर करूच नका. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. फिल्म लागलेली बाजू फुगत नाही, म्हणून कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या हवेत आठवडाभरात कार्डांची केळी होतात. करायचं तर दोन्ही बाजूंना, पण मग मागे पेनानं लिहिता येत नाही आणि ते पोस्टकार्ड राहत नाही. ३०० जीएसएमचा अनकोटेड (वर लेप नसलेला) नॅचरल व्हाइट कागद घ्या, लॅमिनेशनशिवाय. रंग आर्ट कार्डाइतके झगझगीत येणार नाहीत, पण हाताने काढलेल्या चित्राला तो कागद शोभतो आणि मागे शाई पसरत नाही. हातकागद डिजिटल मशीनमध्ये घालायचा हट्ट धरू नका. जाडी सगळीकडे सारखी नसते, टोनर नीट बसत नाही, तंतू सुटतात आणि ऑपरेटर पुढच्या वेळी तुमचं काम घेत नाही.

रंगांचं म्हणाल तर तुमच्या विषयात जोतिबाचा गुलाल आहे, तिथेच फजिती होते. पडद्यावरचा झगमगीत गुलाबी सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांत) येतच नाही. सर्वांत जवळ जायचं तर मॅजेंटा १००, यलो ० ते १०, सायन आणि ब्लॅक शून्य. भगव्यालाही तेच: मॅजेंटा ५५-६०, यलो १००, सायन शून्य. आपोआप रूपांतर केलं की भगव्यात ८-१० टक्के सायन घुसतो आणि रंग मातकट होतो. निळ्यात सायन आणि मॅजेंटा यांच्यात ३० चं अंतर ठेवा, नाहीतर रंकाळा तलाव जांभळा छापून येतो. काळी रेघ निव्वळ १०० टक्के ब्लॅकची ठेवा. चार रंगांची काळी रेघ जरा सरकली की कडेला रंगीत सावली दिसते.

ए४ ची फाइल ब्लीडसकट २१६ बाय ३०३ मिमी, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. मूळ चित्र १५०० पिक्सेलचं असेल तर नुसतं ताणून काही मिळत नाही. सगळी खेप सोडण्याआधी त्याच कागदावर, त्याच मशीनवर एक शीट काढून घ्या आणि ती दिवसाउजेडात बघा, प्रेसच्या ट्यूबलाइटखाली नको.

स्टिकर क्रोमोवर (साध्या स्टिकर कागदावर) काढले तर पाण्याने आणि घामाने जातात. बाटली-हेल्मेटला लावायचे असतील तर व्हिनाइल (प्लास्टिकचा स्टिकर) घ्या. फ्लेक्सवाल्यांकडे इको-सॉल्व्हेंट मशीन असतं, त्यावर छापून प्लॉटरवर (कापणीच्या मशीनवर) हाफ कट, म्हणजे स्टिकर कापायचा, खालचा कागद नाही. छापल्यावर किमान २४ तास उघडं ठेवल्याशिवाय लॅमिनेशन करू देऊ नका. शाईतलं सॉल्व्हेंट (द्रावक) निघून गेलं नाही तर गोंद मऊ पडतो आणि कडा उचलतात. बाहेरून २-३ मिमी पांढरी कड ठेवा, कारण प्लॉटर मिलिमीटरभर इकडेतिकडे होतोच. टोकदार कोपरे गोल करा, आधी तेच सुटतात.

जांगडवही

ताई, ४० टक्के ऐकून दचकू नका, पण कशाचे ४० ते विचारा. दुकानदार रोख देऊन माल विकत घेत असेल तर ४० रास्त. माल जांगड ठेवणार, विकला तर पैसे देणार, असं असेल तर २५ ते ३० च्या वर जाऊ नका. तिथे भांडवल तुमचं अडकलंय आणि जोखीमही तुमचीच आहे.

समजा १३ बाय १९ ची दोन्ही बाजू छापलेली शीट कापणीसकट ५० रुपयांना पडली. ९ कार्डं, म्हणजे नग साडेपाच. खराबी धरून ६. सुटं कार्ड ४० ला ठेवलं तर रोखीच्या दुकानाचे १६ गेले, तुम्हाला २४, खर्च वजा जाता १८. सहाचा संच २०० ला: दुकानाचे ८०, राहिले १२०, त्यातून कार्डांचे ३६ आणि पाउच-लेबलचे ६ वजा, हातात ७८. सुटी सहा विकली तर १०८ सुटतात, पण सुटी सहा एकाच गिऱ्हाइकाला जात नाहीत, संच जातो.

ए४ प्रिंट: छपाई ६०, मागचा पुठ्ठा १२, पाउच ५, लेबल ३, मिळून ८०, खराबीसह ८४. किंमत ३५०. दुकानातून तुम्हाला २१०, म्हणजे चित्राचे १२६. दुकानात ठेवायच्या वस्तूची किंमत खर्चाच्या चौपट तरी हवी. तिपटीवर आलात तर दुकानाचा वाटा गेल्यावर जे उरतं त्यात प्रवास आणि बिघाड बसत नाही. आणि स्टॉलवर दुकानापेक्षा स्वस्त विकू नका, लई जण ही चूक करतात. दुकानदाराला कळतंच आणि तुमचा गठ्ठा मागच्या फळीवर जातो.

३० हजारांचं असं करा. पोस्टकार्डांच्या ६० शीट, ३ हजार. प्रिंट चार डिझाइनं प्रत्येकी २०, पावणेसात हजार. स्टिकर ४ हजार. स्टॉलभाडं समजा ६ हजार. झाले पावणेवीस. उरलेल्या दहा हजारांना हात लावायचा नाही, नवरात्रात जे संपेल ते दिवाळीआधी पुन्हा काढायला ते लागतात. स्टॉलवर सरासरी बिल २५० चं आणि त्यात १६० सुटत असतील तर नुसतं भाडं निघायला ३८ बिलं लागतात. दोन दिवसांत तेवढी होतील अशी गर्दी तिथे असते का, हे आधीच्या वर्षी स्टॉल लावलेल्यांना विचारा, आयोजकाला नव्हे.

जांगड माल देताना चलन (माल दिल्याची पावती) दोन प्रतींत: डिझाइन, नग, किंमत, दुकानदाराची सही. महिन्याला एकदा स्वतः जाऊन मोजणी. फाटलेला, ऊन लागून उडालेला किंवा हरवलेला नग दुकानाच्या खात्यावर, हे चलनावरच लिहा. तोंडी ठरलेलं दिवाळीच्या गर्दीत कुणाला आठवत नाही.

विषयाबद्दल एक. अंबाबाईचं मुख स्टिकरवर किंवा कोस्टरवर घालू नका. ते कचऱ्यात जातं, पायाखाली येतं, आणि महाद्वार रोडचा दुकानदार ते ठेवणारही नाही. दीपमाळ, साज, देवळाची कमान चालतात. बाहेरगावचं गिऱ्हाईक एसटीनं, रेल्वेनं परत जातं, बॅगेत मावेल तेच घेतं, त्यामुळे ए३ च्या भानगडीत यंदा पडू नका.

मसुदा_वाचक

करारातली ती ओळ तशीच ठेवू नका, पण घाबरण्यासारखंही नाही.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: सर्वसाधारणपणे पहिला मालक निर्माता. पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट, फोटो यांत उलट करार नसेल तर पहिला मालक काम देणारा. पुस्तकातलं रेखाचित्र त्यात मोडतं का, हा वाद न्यायालयात घालण्यापेक्षा ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे वाक्य लिहून घ्या.

कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, तो परत जातो. म्हणजे ‘सर्व हक्क’ ही मोघम ओळ प्रकाशकाला वाटते तितकी त्याच्याही कामाची नाही. बोलणं तिथून सुरू केलंत तर वादाचा सूर लागत नाही.

असा मजकूर सुचवा: ‘चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. सदर पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीसाठी, ५००० प्रतींपर्यंत, ५ वर्षे, भारतात, चित्रे वापरण्याचा अनन्य परवाना प्रकाशकास आहे. ई-पुस्तक, अन्य भाषा, जाहिरात, वस्तूंवरील वापर व एआय प्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र लेखी करार करावा लागेल.’ वस्तूंचा उल्लेख तुमच्यासाठी महत्त्वाचा. नाहीतर पुस्तकातलं पात्र पोस्टकार्डावर घ्यायला तुम्हालाच परवानगी मागावी लागेल.

पैसे ३०-३०-४०: करारावर, कच्ची रेखाटनं मंजूर झाल्यावर, आणि अंतिम फाइली देताना. ‘प्रकाशनानंतर’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, पुस्तक दोन वर्षं रखडू शकतं. बदल कच्च्या रेखाटनावर दोन फेऱ्यांपर्यंत. रंग भरल्यावर बदल मागितला तर पानामागे वेगळा दर, आणि तो आकडा करारात. काम मध्येच रद्द झालं तर तोवरचे हप्ते परत नाहीत.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आजच करा. आधारवर होते, फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका. ती काम देण्याआधीची असेल तर एमएसएमई कायद्यानुसार लेखी मुदत ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, ठरली नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. थकवले तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढीने व्याज. प्रत्यक्षात व्याज क्वचितच मागावं लागतं, बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापली की बहुतेक लेखा विभाग हलतात.

रंकाळ्याची_रेघ

माप ९५ बाय १४० करते. दुकानाशी जांगडीचं ३० टक्क्यांवर बोलेन. आणखी दोन शंका. बेळगाव आणि पणजी, दोन्हीकडून डिसेंबरच्या स्टॉलचं विचारणं आलंय. वर्षाची सगळी मिळून उलाढाल फार तर पाच-सहा लाख, मग जीएसटीचा प्रश्न येतो का? आणि कॅलेंडर करावं की सोडावं?

पावतीपुस्तक

चित्रकाम ही सेवा, पोस्टकार्ड हा माल. दोन्ही करता म्हणून एकूण २० लाखांची मर्यादा धरा, नुसत्या मालाची ४० ची नको. महाराष्ट्रात विकताय तोवर पाच-सहा लाखांना नोंदणी लागत नाही. परराज्यातल्या प्रकाशकाला सेवा दिली तरी २० लाखांपर्यंत सूट आहे. पण माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. स्वतःच्या वेबसाइटवरून हुबळीला एक संच पाठवला तरीही. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे, पण डिजिटल प्रिंट त्यात धरू नका.

बेळगाव दोन-अडीच तासांवर असलं तरी राज्य कर्नाटक. तिथे किंवा गोव्यात तात्पुरता स्टॉल लावायचा तर त्या राज्यात ‘कॅज्युअल’ करदाता म्हणून किमान ५ दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ भरायचा, नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. दोन दिवसांच्या विक्रीसाठी सीएची फी धरून हिशेब केला तर पहिल्या वर्षी परवडत नाही. यंदा कोल्हापूर, सांगली, पुणे एवढंच करा.

बंद पाउचमधला सहाचा संच पॅकबंद वस्तूत येतो. त्यावर वस्तूचं नाव, नग संख्या, तुमचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. ५ बाय ३ सेंटिमीटरच्या लेबलमध्ये सगळं मावतं.

खिळा_जुळारी

कॅलेंडर यंदा १०० च्या वर नको, १५ जानेवारीनंतर त्याला रद्दीचा भाव येतो. करायचंच तर वर चित्र आणि खाली तारखा यांच्यामध्ये पर्फोरेशन (फाडण्यासाठी बारीक भोकांची रेघ) मारा. चित्राचा भाग ए५ प्रिंटच्या मापाचा ठेवला तर उरलेली फाडून प्रिंट म्हणून विकता येतात. मागे कोरं ठेवा. तिथी दुसऱ्याच्या पंचांगातून उचलू नका, मोठे सण पुरेत. ईदच्या तारखेशेजारी ‘चंद्रदर्शनानुसार’ लिहा.

पाउच घेताना गोंदाची पट्टी झाकणावर आहे की पाउचच्या अंगावर ते बघा. अंगावरची घ्या. झाकणावर असली की प्रिंट आत-बाहेर करताना कोपरा चिकटतो आणि वरचा थर सोलून निघतो. छापून आलेला माल लगेच पाउचमध्ये घालू नका, एक दिवस कोरड्या खोलीत सपाट ठेवा. मग बंद डब्यात सिलिका जेल टाकून, जमिनीपासून फूटभर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. तरी कागद वळलाच तर उलट बाजूला गुंडाळू नका, चिरा पडतात. दोन पुठ्ठ्यांत घालून वजनाखाली दोन दिवस ठेवा.