मदत हवी आहे: 'ऑलिव्हर!'च्या कपडेपटासाठी

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहते. आमच्या गावातला हौशी नाट्यसंघ यंदा लायनेल बार्टचं 'ऑलिव्हर!' बसवतोय आणि कपडेपट माझ्याकडे आहे. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'वरचं हे संगीत नाटक १९६० साली लंडनमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं.

पहिल्याच प्रवेशात वर्कहाउसमधली (निराधार गरिबांना ठेवून राबवून घेणारी जुनी संस्था) बावीस उपाशी पोरं हवीत. सुती सदरे चहाच्या पाण्यात भिजवून पाहिले, पण सगळे एकसारखे तपकिरी झाले आणि दिव्यांखाली नवेकोरेच दिसतात. कपडा खरोखर वापरून विटलेला कसा दिसेल? किसणी, पॉलिश पेपर, रंग, काय वापरता? हीच मुलं पुढे फेगिनच्या, म्हणजे पोरांना खिसे कापायला लावणाऱ्या म्हाताऱ्या चोराच्या, टोळीत येतात, त्यामुळे विंगेत झटपट बदलता येईल असं काही सुचवा.

वाडग्यातली पेज मी तांदळाचीच करणार आहे, दूध नको, गाताना घशाला त्रास होतो.

खरी काळजी फेगिनची. कादंबरीत डिकन्सने त्याला सतत 'ज्यू' म्हटलंय; १८६७च्या आवृत्तीत त्याने स्वतःच ते उल्लेख बरेच कमी केले. बार्ट स्वतः ज्यू होता. ज्यूंची टिंगल करणारं मोठं खोटं नाक फेगिनला लावायचं नाही, हे मी दिग्दर्शकांना स्पष्ट सांगितलंय. चोरलेल्या रुमालांनी भरलेला, खिसेच खिसे असलेला लांब कोट मनात आहे. असा कोट कुणी शिवलाय का? आतले खिसे कसे बेतले, अस्तर कुठलं घेतलं?

रंगीत तालीम तीन आठवड्यांवर आली आहे. अनुभवी लोकांनी जरूर लिहा.