एगलेस केक म्हणजे ‘मैद्याचा शिरा’? मग ऐकाच!

महालची माई
परवा इथे एकानं लिहिलं, "अंडं नाही तो केक नाही, मैद्याचा शिरा आहे. वरून वेलची-जायफळ घातलं म्हणून शिरा लपत नाही." खाली माना डोलवणारे रांगेनं. दोन दिवस गप्प राहिली, आज लिहून राहिली. ज्याला कंटाळा येईल त्यानं तर्रीपोहे खाऊन यावं.

आमच्या घरात अंडं उंबरठ्याच्या आत आलं नाही. सासूबाई कुकरची रिंग अन् शिट्टी काढून, तळाशी वाटीभर मीठ पसरून केक करायच्या. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आला तो मुलाच्या बारावीनंतर. त्या कुकरातला केक कधी मधोमध बसला नाही, कारण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आंबट दह्यात सोडा पडला की फेस धरतो, अन् मग तो आपल्यासाठी थांबत नाही. १ कप दह्यात पाऊण कप साखर विरघळवायची. सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. चहाचा चमचा हो, पोह्याचा नाही! ५ मिनिटं हात लावायचा नाही. बुडबुडे वर आले की अर्धा कप तेल, मग दीड कप चाळलेला मैदा. मैदा पडल्यावर फेटायचं नाही, नुसतं कालवायचं. १८० वर ३०-३५ मिनिटं. मैदा घालून दहा मिनिटं मिक्सर फिरवला तर शिरा होणारच. त्यात अंड्याचा काय संबंध?

अन् नानकटाईत कोणी अंडं घातलं कधी? दिवाळीआधी आई तूप, रवा, मैदा, साखर घेऊन इतवारीतल्या भट्टीवर जायची, पत्र्याचा डबा भरून आणायची. ते बेकिंग नव्हतं तर काय होतं?

फेटणारा
तो शिरावाला मीच. ‘एकानं’ काय, सरळ नाव घ्या, ताई.

अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात आणि केकला आतून धरून ठेवतात. बलकातलं लेसिथिन तेल-पाण्याची फारकत होऊ देत नाही. दही यातलं अर्धंमुर्धं करतं. गरम असताना छान लागतो, मान्य. दुसऱ्या दिवशी सुरी घाला आणि चुरा मोजा. नानकटाईला तर फुगायचंच नसतं, ती तुपावर खुसखुशीत होते, तिला साक्षीला उभी करू नका. नुसतं अंडं-साखर फेटून, चिमूटभर पावडर न घालता फुगणारा स्पंज दह्यावर करून दाखवा. शिरा शब्द मागे घेतो.

महालची माई
आमच्याकडे केकचा दुसरा दिवस उजाडत नाही, त्यामुळे चुरा पाहिला नाही. छोले उकडलेलं पाणी फेटलं की पांढराशुभ्र फेस उभा राहतो, तो पाहिला का तुम्ही?

फेटणारा
पाहिला. मेरिंगला, म्हणजे साखर घालून फेटलेल्या कुरकुरीत फेसाला, चालतो. स्पंजात घातला तर ओव्हनमध्ये मान टाकतो.

सदरची शेजारीण
विषय सोडून लिहिते, पण लिहिते. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरमालकिणीनं कचऱ्याच्या बादलीत टरफलं पाहिली आणि महिनाभरात खोली खाली करायला लावली. परीक्षेच्या दिवसांत सामान हलवलंय मी. तेव्हापासून "आमच्या उंबरठ्याच्या आत अंडं नाही" कोणी म्हटलं की डोकं फिरतं.

महालची माई
मी कोणाला बाहेर नाही काढलं बाई. जे आहे ते सांगितलं.

सदरची शेजारीण
सांगण्याचा सूर कळतो, काकू.

महालची माई
सूर तुमच्या घरमालकिणीचा, तो माझ्या गळ्यात नका बांधू.

हिंगणा रोड
भांडू नका बाप्पा. आमच्या घरी शनिवारी सावजीच्या तर्रीत बोटं बुडवते सगळे, अन् रविवारी पोराच्या वाढदिवसाला "केक एगलेसच पाह्यजे". काहून? तं म्हणे पाहुणे काय म्हणतीन. अन् दुकानवाला अंडं न घालायचे पैसे वरून घेते! जे टाकलंच नाही त्याचे पैसे, हे मले आजवर समजलं नाही.

महालची माई
वेलचीचं राहिलंच. लपवायला नाही घालत. अंड्याचा वास नसतो, म्हणून वेलची-जायफळाला जागा मिळते. मी २ नागपुरी संत्र्यांच्या सालीचा किस साखरेत बोटांनी चोळते. साखर ओलसर, केशरी होते, हाताचा वास रात्रीपर्यंत जात नाही. इसेन्सची बाटली लागत नाही.

वरूडकर
थांबा. नागपुरी संत्रं कोणतं? जानेवारीत नागपुरात बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, हातगाडीवर जे चकचकीत मिळतं, घट्ट सालीचं, आत बियाच बिया, तो पंजाबातला किन्नू आहे. आमचं संत्रं सैल सालीचं, अंगठा घातला की सुटते. अन् २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘नागपूर’च्या नावानं. पिकवते कोण? अमरावती जिल्ह्यातलं आमचं वरूड-मोर्शी! माल नागपूरच्या कळमना बाजारात उतरला की झाला नागपुरी.

काटोलवाला
काटोल-नरखेडची झाडं काय शोभेची हायेत का भाऊ? सगळं श्रेय तुम्हालेच पाह्यजे. ‘विदर्भाचं कॅलिफोर्निया’ म्हणवून घेता, तेवढं पुरत नाही?

वरूडकर
कॅलिफोर्निया म्हटल्यानं भाव मिळते काय? यंदा आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाची, अर्धी फळं झाडाखाली सडली. फळगळ पाहायला कोणी आलं नाही. अन् इथे सालीच्या किसावर कौतुक चालू.

काटोलवाला
आमच्याकडे काय वेगळं झालं? मृग बहाराच्या, पावसाळ्यात फुलणाऱ्या पिकाच्या, भरवशावर बसलो आहो आम्हीबी.

फेटणारा
केकच्या धाग्यात बाजार समिती भरली.

हिंगणा रोड
भरू द्या. शिऱ्यापेक्षा बरी.

फेटणारा
माई, एक विचारतो. संत्र्याचा रस आटवून घालता का? माझा दोनदा कडू झाला.

महालची माई
...एकदा घातला. भाचीच्या साखरपुड्याला. दिसायला असा की फोटोच काढत राहिले सगळे. पहिला घास व्याह्यांनी घेतला अन् पाणी मागितलं. आजही कोणी विषय काढला तर मी उठून आत जाते.

वरूडकर
कडू होणारच. ताज्या रसात कळत नाही, पण ठेवला किंवा तापवला की त्यातलं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य वर येतं. रस प्यायचा, केकात साल घालायची. फक्त वरची केशरी, खालचा पांढरा भाग किसणीवर येऊ द्यायचा नाही.

सदरची शेजारीण
म्हणजे धाग्यातली एकमेव कामाची गोष्ट फळगळवाल्या भाऊंनी सांगितली.

फेटणारा
ठीक आहे. गेल्या मे महिन्यात माझा अंड्याचा केक धरमपेठेतून मनीषनगरला पोचला तेव्हा वरचं सगळं बटरक्रीम डब्याच्या एका कोपऱ्यात होतं. उघड्या केकवर पेढे ठेवून वेळ मारून नेली. वरून काही न लावता खाता येतो हा दह्याच्या केकचा एक गुण मान्य. स्पंज तो नव्हेच. पण रविवारी करून बघतो.

महालची माई
उपकार झाले.

फेटणारा (रविवार, रात्री)
केला. जड झाला, खाताना सोडा जाणवतो. शिराच.

महालची माई
दही कोणतं होतं?

फेटणारा
सकाळी लावलेलं, ताजं, गोड.

महालची माई
आंबट म्हणून पहिल्याच ओळींत लिहिलं होतं न मी. वाचत नाही तुम्ही लोकं.

वरूडकर
अन् संत्रं?

फेटणारा
बर्डीवरून घेतलं.

वरूडकर
बिया किती निघाल्या?

फेटणारा
मोजल्या नाहीत. वाटी भरली.