‘त्यांची लस, आमचे टाइप वेगळे’ – हे कुठून आणलंत?

काचपट्टी:
तिरकस यांनी काल लिहिलंय: “गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस एचपीव्ही १६ आणि १८ वर. सापडले युरोपात. पूर्व आशियात ५२-५८, आफ्रिकेत ३५-४५. दुसऱ्याच्या मापाचे जोडे बाकीच्यांनी का घालायचे?” खाली टाळ्याच टाळ्या. मी लॅबमध्ये वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या स्लाइड बघते आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

नवख्यांसाठी: एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा, हा कॅन्सर घडवणारा विषाणू; आकडे म्हणजे त्याच्या टाइपांचे नंबर. ५२-५८ पूर्व आशियात जास्त, कबूल. पण हा फरक ठळक दिसतो तो निरोगी बायकांच्या तपासणीत. कॅन्सरपर्यंत पोचेतो १६ सगळ्यांना मागे टाकतो. पेशी नॉर्मल पण संसर्ग आहे अशा बायकांत १६चा वाटा साधारण पाचवा हिस्सा, कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त. २०१० साली ३८ देशांतले दहा हजारांवर नमुने तपासले गेले. विषाणू सापडलेल्यांत १६-१८ मिळून ७१ टक्के. कुठलाही खंड घ्या, पहिला १६च.

तिरकस:
सरासरीच्या पदराआड लपू नका. टाइप १६ शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ झुर हाउझेन यांच्या गटाचाच १९८३चा पेपर काढा. कॅन्सरच्या अठरा जर्मन नमुन्यांपैकी अकरांत टाइप १६ सापडला, केनिया-ब्राझीलच्या तेवीसपैकी आठांत. फरक पहिल्याच दिवशी दिसला होता!

काचपट्टी:
तेवीस नमुन्यांवर जगाचा नकाशा काढलात? पुढच्या वर्षी त्याच गटाने टाइप १८ शोधला, तो आफ्रिका-ब्राझीलच्या गाठींत जर्मनीपेक्षा जास्त निघाला. ‘युरोपचे टाइप’ तिथेच संपले.

आणखी एक. पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून बघायची) वर्षानुवर्षं नीट चालते तिथे स्क्वेमस, म्हणजे वरच्या सपाट पेशींचे कॅन्सर आधीच पकडले जातात. ग्रंथींचा अडेनोकार्सिनोमा मात्र पॅपमधून निसटतो, आणि त्यात १८चं प्रमाण मोठं. म्हणजे दोन देशांतला फरक काही वेळा विषाणूचा नसतोच, तपासणीचा असतो.

गोधडी:
तुमचे टक्के चालू द्या. माझ्या एचपीव्ही तपासणीच्या रिपोर्टवर एकच ओळ होती: “१६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, इतर हाय-रिस्क पॉझिटिव्ह.” इतर म्हणजे कोण? कॅन्सरचा धोका जास्त मानलेल्या बारा टाइपांची एकच मोळी. त्यात ५८ही आणि ६६ही. ५८ने कॅन्सर होतो, ६६ कॅन्सरमध्ये क्वचितच सापडतो, पण रिपोर्टात दोघांचं वजन सारखं. नवऱ्याने कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, “हे आलं कुठून?” आठ दिवस घरात कोणी बोललं नाही.

सरळमार्गी:
राग मानू नका ताई, पण प्रश्न रास्तच आहे की. हा काही हवेतून येत नाही.

गोधडी:
हीच वाट बघत होते. मग त्यांनी स्वतःला का नाही विचारलं?

काचपट्टी:
सरळमार्गी, बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप दबतात, काही कित्येक वर्षं गुपचूप बसून पुन्हा डोकं वर काढतात. कधी लागला, कोणाकडून, हे कुठलाही टाइप सांगत नाही. तो पंचनामा नाही.

सरळमार्गी:
मी फक्त प्रश्न विचारला. इथे पुरुषाने तोंड उघडायची सोय नाही.

गोधडी:
उघडलंत की. पुढे ऐका. कॉल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघतात तेव्हा, व्हिनेगरचा बोळा लावला, स्क्रीनवर नखाएवढा पांढरा डाग. बायोप्सीत सौम्य बदल, ग्रेड एक. वर्षभराने तपासणी निगेटिव्ह. नवऱ्याने माफी मागितली नाही, चहा करून आणला. कोणता टाइप होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सरळमार्गी:
चहा आणला म्हणजे माणूस वाईट नाही.

गोधडी:
तुम्ही आता खरंच गप्प बसा.

तिरकस:
माझा धागा कुठे गेला? ३५वर कोणी बोलणार आहे का?

काचपट्टी:
बोलते. जगभरात ३५चा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, आफ्रिकेत त्याच्या कितीतरी पट. नऊ टाइपांच्या लशीत ३१, ३३, ४५, ५२, ५८ आले, ३५ राहिला. हे चुकलंच. घ्या, तेवढ्यावर पेढे वाटा. पण त्यावरून “लस घेऊ नका” कसं निघतं? आफ्रिकेतही सर्वाधिक कॅन्सर १६-१८चेच.

तिरकस:
“घेऊ नका” असं मी लिहिलं नव्हतं. जोड्यांचं लिहिलं होतं.

काचपट्टी:
वाचणाऱ्यांनी जोडे काढून ठेवले ना पण! खाली बघा, दोघींनी मुलींची अपॉइंटमेंट रद्द केली म्हणून लिहिलंय.

तिरकस:
…मूळ पोस्टमध्ये एक ओळ घालतो. ३५चं मात्र काढणार नाही.

गोधडी:
घाला. आणि त्या बारांची मोळी सोडा म्हणून लॅबवाल्यांनाही एक ओळ लिहा.