गायिका-कवयित्री एमी हेनिंग्जला दादावादाची सहसंस्थापक म्हणायचं की नाही?

नेपथ्य: ५ फेब्रुवारी १९१६ला झुरिकच्या श्पीगेलगासेत काबारे व्होल्तेर, म्हणजे गाण्या-कवितांच्या खेळांचं ठिकाण, सुरू झालं. दादावाद, म्हणजे रूढ कला आणि अर्थ धुडकावणारी चळवळ, तिथलाच. श्रेय मात्र हुगो बाल आणि त्रिस्तान त्सारा हे दोन कवी वाटून घेतात, एमी उरते ‘बालची बायको’ म्हणून. अहो, लग्न झालं १९२०ला! त्याआधीच तिने फिरत्या नाटकमंडळ्यांत उमेदवारी केली होती, म्युनिकचं सिम्प्लिसिसिमस काबारे गाऊन गाजवलं होतं. पहिला कवितासंग्रह १९१३चा. काबारेची तारका झुरिकच्या वर्तमानपत्राने तिलाच म्हटलं. मग सहसंस्थापक म्हणायला एवढी खळखळ कशाला?

तिरका_चष्मा: गायिका म्हणून मोठी, मान्य. पण दादावादी? तिच्या कविता वाचल्यात का? यमकं, देव, मरण, एकटेपण. शब्द मोडून नुसता नाद ठेवायचा उद्योग बालचा. जून १९१६ला अशा नादकविता म्हणताना त्याचे पाय पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, चालता येईना, म्हणून त्याला अंधारात उचलून मंचावर ठेवावं लागलं होतं. ही बाई १९११लाच कॅथलिक झालेली. न्याय द्यायच्या भरात ती जे नव्हती ते तिच्या माथी मारू नका.

नेपथ्य: तुम्ही कागद वाचताय, ती मंचावरची बाई होती. बालची ‘मृत्युनृत्य’ ही कविता घ्या. देसाऊच्या लष्करी कूचाची चाल, तिच्यावरचं गाणं ‘असे जगतो आम्ही’ उलटवून ‘असे मरतो आम्ही’ केलेलं. ऐन युद्धात हे भर सभेत म्हणायचं कुणी? एमीने. शिवाय बाहुल्या करून त्यांचे खेळही लावायची. याला दादा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मधली_सुट्टी: माझं दोघांशीही पटत नाही. १९२७ला बाल गेला, त्यानंतर तिने काय केलं? १९३०ला त्याची पत्रं आणि कविता पुस्तकात आणल्या, कादंबरीकार हेर्मान हेसेची प्रस्तावना घेऊन. पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी एक पुस्तक. पोटासाठी भाडेकरू ठेवले, कारखान्यात राबली. स्वतःच्या तुरुंगवासावरची तिची १९१९ची कादंबरी मात्र बाजूला पडली, आणि माझ्या मते ती या सगळ्यांत सरस आहे. तिला मागे सारणाऱ्यांत ती स्वतःही होती.

नेपथ्य: हे ‘स्वतःही’ फार सोपं झालं. कफल्लक विधवेकडे लोक मागणार काय, तिच्या कविता की नवऱ्याच्या आठवणी?

मधली_सुट्टी: तिची बालवरची भक्ती खोटी होती असं तरी कसं म्हणता?

तिरका_चष्मा: ‘सहसंस्थापक’ लिहा, माझी हरकत नाही. ‘दादावादी कवयित्री’ लिहिलंत तर मी पुन्हा येतो.