एल्फिन्स्टन कॉलेजच्या पदवीवर आता 'मुंबई विद्यापीठ' नाही. हे बरं झालं की वाईट?

भायखळेकर (धागाकर्ता)

पुतणीची बारावी झाली. तिला इतिहास घेऊन बीए करायचं आहे. घरात एल्फिन्स्टनचं नाव निघालं आणि माझी कॉलर ताठ झाली, कारण अस्मादिक तिथलेच. तर ती म्हणाली, "काका, पण ते मुंबई विद्यापीठात कुठे आहे आता?"

ऐकून माहीत होतं, पण घरच्या मुलीच्या तोंडून आल्यावर लागलं. २०१९ मध्ये राज्य सरकारने एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि बीएडवाल्यांचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज अशा चार सरकारी संस्थांची मोट बांधून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ काढलं. समूह विद्यापीठ म्हणतात त्याला.

माझं म्हणणं सरळ आहे. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बीएची तुकडी बाहेर पडली, त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही आमच्या कॉलेजचे. बाबासाहेब १९१२ मध्ये बीए झाले ते याच कॉलेजातून, याच विद्यापीठाचे. एवढं जुनं नातं एका अधिसूचनेने तोडायचं, आणि मुलांच्या हातात द्यायचं काय, तर ज्या विद्यापीठाचं नाव सांगितल्यावर समोरचा "कुठलं?" असं विचारतो त्याची पदवी. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था) ए++ मिळाली, ४ पैकी ३.६५. ती श्रेणी सोडून आपण कोरी पाटी हातात घेतली. फायदा कोणाचा झाला ते कोणीतरी समजावून सांगा.

जुनं दप्तर

भायखळेकर, भावना पोचल्या. पण इतिहास तुम्ही अर्ध्यातून सुरू केलात.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये गव्हर्नरपद सोडून निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली. दोन लाखांच्या वर रक्कम जमली. त्याचा पुतळा वगैरे झालाच, पण मोठी रक्कम प्राध्यापक नेमण्यासाठी ठेवली गेली. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये तिथे शिकवत होते. दादाभाई तिथेच शिकले आणि १८५० च्या दशकात तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. हे सगळं होईपर्यंत मुंबई विद्यापीठ जन्मालाही आलेलं नव्हतं. ते आलं १८५७ च्या जुलैत, आणि एल्फिन्स्टन त्याला संलग्न झालं १८६० मध्ये. म्हणजे लेक आईपेक्षा मोठी.

आणि ते विद्यापीठ तरी काय होतं? कंपनी सरकारच्या शिक्षण धोरणाचा जो वुडचा १८५४ चा खलिता, त्यात स्पष्ट होतं की नमुना लंडन विद्यापीठाचा घ्यायचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, शिक्का मारायचा. राजाबाई टॉवर उभा राहिला १८७८ मध्ये. त्याआधीची वीस वर्षं विद्यापीठ म्हणजे एक सिनेट आणि परीक्षांचं दप्तर. रानडे-भांडारकरांना घडवलं कॉलेजने. विद्यापीठाने त्यांना कागद दिला. तुम्ही रडताय ते त्या कागदासाठी.

मी आयुष्यभर एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खर्डेघाशी केली (कुठल्या ते नको). संलग्नता या शब्दाचा रोजचा अर्थ सांगतो: दरवर्षी प्रस्ताव, शुल्क, चौकशी समिती, समितीच्या जेवणाची व्यवस्था, आणि एका विषयाच्या पेपरात एक ओळ बदलायची तर दोन वर्षं. सातशेच्या वर कॉलेजं एका विद्यापीठाच्या गळ्यात. २०१७ आठवतंय ना? ऑनलाइन तपासणीचा घोळ, निकाल महिनोन्महिने लटकले, शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. एल्फिन्स्टनची मुलंही त्याच रांगेत होती. चार कॉलेजांच्या विद्यापीठात एवढा मोठा घोळ घालायचा म्हटला तरी जमणार नाही.

चष्मेवाली

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. ती आधी सांगते, मग भांडा.

मुंबई विद्यापीठाची ए++ एल्फिन्स्टनची कधी नव्हतीच. संलग्न कॉलेजाचं नॅक वेगळं केलं जातं. विद्यापीठाचं मूल्यांकन होतं ते त्याच्या स्वतःच्या विभागांचं, म्हणजे कलिना वगैरे. सातशे कॉलेजांची गुणवत्ता त्या ३.६५ मध्ये मोजलेली नाही. कॉलेजं स्वतःचा स्वयंमूल्यांकन अहवाल भरतात, त्यांच्याकडे वेगळी समिती येते, त्यांना वेगळी श्रेणी मिळते. विद्यापीठाची ए++ फाटकावर लावून कॉलेजला मिरवता येत नाही. (मिरवतात. प्रवेशाच्या दिवसांतली पत्रकं नीट वाचा, 'ए++ विद्यापीठाशी संलग्न' हे केवढ्या टायपात असतं बघा.)

समूह विद्यापीठात उलट होतं. घटक महाविद्यालय हा विद्यापीठाचाच अवयव, त्यामुळे मूल्यांकन सगळ्यांचं मिळून एक. आणि नव्या विद्यापीठाला दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय किंवा सहा वर्षं झाल्याशिवाय नॅककडे जाताच येत नाही. म्हणून 'कोरी पाटी' हा ठपका बरोबर नाही, नियमच तसा आहे.

शिवाय लोक तीन गोष्टींची भेळ करतात. पदवी वैध आहे की नाही हे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यावर ठरतं. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी वैधच, नॅक असो वा नसो. नॅक म्हणजे दर्जाचं मूल्यांकन. आणि संलग्नता म्हणजे परीक्षा कोण घेणार. पुतणीच्या पदवीला यातल्या पहिल्या गोष्टीपुरता काडीचा धोका नाही.

भायखळेकर

ए++ बद्दलची चूक मान्य. हे खरंच माहीत नव्हतं. पण वैध असणं आणि वजन असणं यात फरक आहे. चलनात तर दहाचं नाणंही असतं, दुकानदार घेत नाही म्हणजे नाही.

आणि जुनं दप्तर, "कागदासाठी रडताय" हे जरा लागलं. आमच्या वडिलांनी तो कागद फ्रेम करून लावला होता. गिरणीतल्या माणसाच्या भिंतीवर दुसरं काय असतं?

टोरांटोतला ठाणेकर

भायखळेकरांना +१.

इथे कागदपत्रं तपासून घ्यायची असतील तर गुणपत्रकं थेट विद्यापीठाकडून पाकिटबंद मागवतात. जुन्या विद्यापीठाचा शिक्का या लोकांनी हजारदा पाहिलेला असतो. नव्या नावाला आधी दोन ईमेल जातात, मग उत्तराची वाट. काम अडत नाही, पण उशीर होतो आणि पोटात गोळा येतो. हे नाव ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा तरी मुलांच्या जागी बसून बघितलं होतं का?

सीओईपीचं बघा. पुण्याचं अभियांत्रिकी कॉलेज, १८५४ ची संस्था. २०२२ मध्ये विद्यापीठ झाली, पण 'सीओईपी' ही चार अक्षरं तिने सोडली नाहीत. एल्फिन्स्टन हे नाव सीओईपीपेक्षा जुनं. विद्यापीठाला तेच द्यायला काय हरकत होती?

चष्मेवाली

साहेबाचं नाव २०१९ मध्ये सरकारी विद्यापीठाला? कुठल्या काळात राहता? स्टेशनचं नावसुद्धा एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी होऊन गेलं.

आणि भाभांचं नाव काही आकाशातून पडलेलं नाही. केंब्रिजला जाण्याआधी होमी भाभा एल्फिन्स्टनमध्ये आणि मग तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले. दोन्ही आज त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात. बाबासाहेबांचंही तेच. बीए केलं एल्फिन्स्टनमधून आणि १९१८ पासून प्राध्यापकी केली सिडनहॅममध्ये. ही चार कॉलेजं एकमेकांची शेजारीण आहेत, काळा घोडा ते चर्चगेट पायी पंधरा मिनिटं. कॉमर्सच्या मुलाने इतिहासाचा पेपर शेजारच्या कॉलेजात जाऊन घेतला, असं खरोखर घडू शकेल अशी ही जागा.

तासिका

"घडू शकेल" हे फार गोड क्रियापद आहे.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे कायमची नोकरी नाही, तासागणिक पैसे. मुंबईत नाही, आणि कॉलेजचं नाव विचारू नका. गेली नऊ वर्षं दर जूनला नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक, मार्चला नमस्कार. नॅकची समिती येणार होती तेव्हा आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दोन महिने वर्ग अर्धे. झाडाला पाणी घालतानाचे फोटो, वाचनालयात बसलेल्या मुलांचे फोटो, सगळे अक्षांश-रेखांशासकट, कारण तसेच लागतात. पाच वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमांची हजेरीपत्रकं एका रात्रीत 'सापडली'. भिंतींना रंग. समिती गेली, श्रेणी आली, फलक लागला. माझ्या विभागात कायमचा प्राध्यापक तेव्हाही एक होता, आजही एकच आहे.

सरकारी कॉलेजात कायमची जागा भरायची तर लोकसेवा आयोग. जाहिरात कधी, मुलाखत कधी, नेमणूक कधी, देवाला ठाऊक. आलेला माणूस रुळतो न रुळतो तोच बदली. विद्यापीठ मुंबईचं असो नाहीतर भाभांचं, वर्गात उभं राहणारं माणूस कोण आहे हे कोणी विचारत नाही. आणि तुम्ही लोक फ्रेममधल्या नावावर तीन दिवस भांडताय.

जुनं दप्तर

तासिका, तुमचं दुःख खोटं नाही. पण म्हणूनच तर बदल हवा होता ना? केंद्राच्या रुसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) योजनेत समूह विद्यापीठासाठी ५५ कोटींची तरतूद होती, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. सरकारी कॉलेजला एरवी एवढे पैसे कोण देतो?

तासिका

इमारतीला देतात. माणसाला नाही. रुसाचा पैसा बांधकाम, डागडुजी, उपकरणं यांत जायचा. पगार राज्याचाच, आणि राज्याची भरती तुम्हाला माहीत आहे.

सातारी कंदी

मुंबईकरांनी थोडं खाली घाटावरही बघावं. आमच्या साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेने २०२१ मध्ये तीन कॉलेजांचं समूह विद्यापीठ केलं, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने. त्यात १९४७ चं छत्रपती शिवाजी कॉलेज आहे. कर्मवीर अण्णांनी ज्या मुलांसाठी ते काढलं त्यांच्या नातवंडांना आज पदवी कर्मवीरांच्या नावाची मिळते. इथे कोणी "शिवाजी विद्यापीठ गेलं" म्हणून गळा काढला नाही. फरक एवढाच की आमच्याकडे मागे एक संस्था उभी आहे. एल्फिन्स्टनच्या मागे कोण? सरकार. म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही.

टोरांटोतला ठाणेकर

हे मात्र पटलं. चर्चगेटला केसी आणि एचआर कॉलेजांनी २०२० मध्ये एचएसएनसी विद्यापीठ केलं, तिथेही मागे संस्था आहे, पैसा आहे, जाहिरात आहे. सरकारी कॉलेजची जाहिरात कोण करणार, शिपाई?

चष्मेवाली

नॅकबद्दल तासिकांच्या चिडीत मला एकच भर घालायची आहे. पुण्याचे भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. प्रक्रियेत गैरप्रकार होत असल्याचा संशय त्यांनी उघड मांडला आणि मार्च २०२३ मध्ये राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीतल्याच लोकांना अटक केली. श्रेण्यांची ही शिडी काढून 'मान्यताप्राप्त' आणि 'नाही' एवढंच ठेवायचं, असंही मधल्या काळात जाहीर झालं. म्हणजे ज्या ए++ वरून हा धागा सुरू झाला ती पुढे कदाचित कोणाच्याच फाटकावर दिसणार नाही.

तरी मी नॅक नको म्हणणार नाही. १९९४ च्या आधी कॉलेजला बाहेरून कोणी काहीच विचारत नव्हतं. हजेरीपत्रकं खोटी 'सापडायला' लागली, पण हजेरीपत्रक असतं हे तरी काही संस्थाचालकांना कळलं.

तासिका

हाहा. हे खरं आहे.

भायखळेकर

बराच वेळ गप्प बसून वाचलं. मत सांगतो. नाव गेल्याचं मला अजूनही वाईट वाटतं आणि वाटत राहणार, ते तुमच्या खलित्याने जाणार नाही. पण नव्या शिक्षण धोरणात संलग्नता ही भानगडच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची असं लिहिलं आहे, हे पुतणीनेच दाखवलं. म्हणजे आज ना उद्या प्रत्येक कॉलेजवर ही वेळ येणार. एल्फिन्स्टनचा नंबर आधी लागला इतकंच.

फक्त एक विचारतो. पोरीला पाठवायचं की नाही हे ठरवायला मी जाऊन बघू काय? नॅक नाही, नाव नाही, मग काय?

तासिका

विभागात जा. इतिहासाला मंजूर पदं किती आणि भरलेली किती हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच. मग वेळापत्रक मागा आणि त्यावर किती तासांपुढे 'सीएचबी' (म्हणजे माझ्यासारखा तासिकावाला) लिहिलंय ते मोजा. वाचनालयात पुस्तकं घरी देतात का, शेवटचं पुस्तक कोणत्या साली विकत घेतलं, हे मुलांना विचारा, ग्रंथपालाला नको.

जुनं दप्तर

आणि इतिहास घेणाऱ्या मुलीला त्या इमारतीचा असा एक फायदा आहे जो कुठल्याही श्रेणीत मोजत नाहीत. राज्याचं पुराभिलेखागार त्याच इमारतीत आहे. कंपनी सरकारच्या काळापासूनची कागदपत्रं एका छपराखाली. बीएच्या पहिल्या वर्षाला दारापलीकडे मूळ दस्तऐवज, ही चैन कलिन्यालाही नाही.

भायखळेकर

तीन वर्षं त्या दारावरून वडापाव खात गेलो, एकदाही आत डोकावलो नाही. शनिवारी तिला घेऊन जातो, दोन्ही बघून येतो.

जुनं दप्तर

शनिवारी नको. सरकारी कार्यालय आहे, पाच दिवसांचा आठवडा. शुक्रवारी सकाळी जा.